ताई, तुमचा एसओपी पाठवाल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, पाठवणार नाही. एसओपी म्हणजे परदेशी विद्यापीठाच्या अर्जासोबत जोडायचं निवेदन: काय शिकायचंय आणि का.

ऑगस्ट लागला की फैजपूरहून, सावद्याहून, भुसावळहून हा प्रश्न यायला लागतो. कधी मुलगी स्वतः विचारते, कधी तिचे वडील माझ्या आईला बाजारात गाठतात. "नुसता बघायला हवाय, कॉपी नाही करणार." मी नाही म्हटलं की बाहेर शिकून आली आणि गाव विसरली, असं बोललं जातं. ते माझ्या कानावर येतं, आणि लागतं.

२००७ मध्ये ब्रिटनच्या यूकॅस या प्रवेश संस्थेने हजारो अर्जांमधली निवेदनं एकमेकांशी ताडून पाहिली. तेव्हा २३४ मुलांनी एकच आठवण लिहिलेली सापडली: आठव्या वर्षी रसायनांशी खेळताना पायजम्याला भोकं पडली. नेटवरचा एकच नमुना सगळ्यांनी वापरला होता. त्यांनीही तो आधी नुसता बघायलाच उघडला असेल.

हे कारण खरं आहे, पण मी ते पुढे करते कारण ते सांगायला सोपं आहे.

माझे एसओपी दोन. पहिला पाच विद्यापीठांना गेला आणि पाचही ठिकाणांहून नकार आला. तुम्हाला हवा असतो तो दुसरा. पहिल्याची सुरुवात आमच्या बागेतल्या वादळाने होती. जूनचा पहिला आठवडा, मृगात लावलेल्या केळीचे घड कापणीला आलेले, आणि संध्याकाळच्या अर्ध्या तासात सगळी बाग आडवी. इतकं खरं. मी लिहिलेला पहिला मसुदा पुण्यातल्या एका कन्सल्टंटने वाचला आणि म्हणाले, यात माणूस दिसत नाही, वडिलांचं काय झालं ते लिही. मी लिहिलं. वडील महिनाभर अंथरुणातून उठले नाहीत, घरात कुणी बोलत नव्हतं, त्या शांततेत मी ठरवलं की पाण्याचा आणि जमिनीचा अभ्यास करायचा. इंग्रजीत ते फार चांगलं वाटत होतं. मला रडू आलं होतं लिहिताना, म्हणजे ते खरंच असणार असं मी धरून चालले.

अर्ज पाठवून झाल्यावर दिवाळीला घरी गेले. रात्री जेवणं झाल्यावर आप्पा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "वाच ना, काय लिव्हलं ते."

"इंग्रजी आहे आप्पा."

"मंग मराठीत सांग."

सांगायला लागले. वादळापर्यंत ते मान हलवत होते. पुढच्या वाक्याला मला थांबता आलं असतं. वगळता आलं असतं, त्यांना कळलंही नसतं. मी वगळलं नाही; का, ते आजही सांगता येत नाही. मी म्हटलं, "मग तुम्ही महिनाभर उठला नाहीत..."

"मी?"

मी गप्प.

"मी महिनाभर खाटलीवर पडेल व्हतो? तू व्हती का तव्हा इथं?"

नव्हते. जळगावला होस्टेलवर होते, परीक्षा होती, आठ दिवसांनी आले होते.

"दुसऱ्या दिवशी सकाळी सा वाजता मजूर लावेल व्हते मी. पडेल खोडं कोनी काढली? पील कोनी राखलं?" आवाज चढलेला नव्हता. मग थोड्या वेळाने, "तिकडचे लोक वाचतील हे?"

"हो."

ते उठून आत गेले. आईने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही.

पुढच्याच वर्षी त्याच पिलांवर, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या कोंबांवर, बाग पुन्हा उभी राहिली होती. ते माझ्या हजार शब्दांत कुठेच नव्हतं.

तेव्हाची मी म्हणते: सगळेच वाढवून लिहितात, आणि गावाकडच्या मुलीकडून दुःखाचीच अपेक्षा असते. मी तिला खोटं म्हणू शकत नाही. पण तिची एक गोष्ट वाचायची राहिली होती. अमेरिकेत बर्कलीसारख्या ठिकाणी दोन वेगळे निबंध मागतात. आयुष्याची हकिकत एकात लिहायची. एसओपीत प्रश्न असतो तो कामाचा: काय शोधायचंय, आजवर त्यासाठी काय केलं, इथेच का, कुणाच्या हाताखाली. माझ्या पानात पाऊण भाग वादळ होतं आणि भूजल शेवटच्या परिच्छेदात.

दुसऱ्या वर्षी भूजलच आधी आलं. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा थर, त्यात नाल्यांचं पाणी मुरतं. खाली तापीकाठी जाड गाळ. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळावर आहे, आमचा पट्टा तसा नाही, आणि तरी यावल-रावेरमध्ये मुरतं त्याहून जास्त पाणी उपसलं जातं. एम.एस्सी.ला मी चाळीस विहिरींची पातळी मोजली होती, ते आकडे दिले. एका ठिकाणी प्रवेश मिळाला. तो खरेपणामुळे मिळाला असं लोकांना वाटतं. मला माहीत नाही. त्या वर्षी आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतले गुणही वाढले होते आणि त्या प्राध्यापकांकडे याच विषयाचा निधी होता.

तुमचा कच्चा मसुदा घेऊन या, कितीही वेळ बसेन. हे मनापासून सांगते. माझा मागू नका.

कारण माझ्या दुसऱ्या एसओपीच्या सुरुवातीलाही आप्पाच आहेत. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते दोराला दगड बांधून विहिरीचं पाणी मोजायचे आणि किती परस (पुरुषभर खोलीचं माप) ते मोटारीच्या खोलीत दारामागे कोळशाने लिहायचे. विहीर आटली, बोअर केलं, तिथे त्या रेघा संपतात. माझ्या चाळीस विहिरींच्या आधीची ती नोंद आहे, आणि मी ती पहिल्या ओळीत घेतली. यात एक अक्षर वाढवलेलं नाही. तरी तो कागद मी त्यांना अजून वाचून दाखवलेला नाही, आणि त्यांनीही पुन्हा कधी विचारलं नाही.