चिऊची बाटली: कामावर परतण्याआधीचे दिवस

बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची असते, पण त्यातले आठ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. माझं बीपी वर जायला लागलं म्हणून मी आधीच घरी बसले. मग हिशोब मांडला तर रजा संपेल तेव्हा चिऊ पाच महिन्यांचीही होत नव्हती. सहा महिन्यांपर्यंत वरचं काही द्यायचं नाही, म्हणजे मी सातपूरला कंपनीत असेन तेवढे आठ-नऊ तास तिला दूधच लागणार आणि ते दुसऱ्या कुणीतरी पाजावं लागणार.

आमच्या डॉक्टरांना बाटली मुळीच पसंत नाही. वाटी-चमच्यानं द्या, म्हणाले. आपल्याकडे बहुतेक बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात आणि त्याला कारण आहे. निपलच्या खाचांत दूध अडकतं, नीट उकळलं नाही तर बाळाला जुलाब लागतात. दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला तर 1992 च्या कायद्यानंच बंदी आहे. म्हणून आधी वाटी-चमचा. पण चमचा दिसला की चिऊला डी व्हिटॅमिनचे थेंब आठवत असावेत, ती ओठ घट्ट मिटायची. सासूबाईंनी माळ्यावरून नवऱ्याच्या लहानपणचं चांदीचं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं काढलं, घासून लखलखीत केलं. मांडीवर आडवं घेऊन धार सोडायची त्यांची पद्धत, चिऊला लगेच ठसका लागला. शिवाय सासूबाईंचा हात थरथरतो. मी अर्धा तास बसून पिळलेल्या दुधातलं निम्मं लाळेरं प्यायचं. शेवटी डॉक्टरांना सांगूनच बाटली आणली. बाटली उकळायची वेगळं पातेलं, वेगळा ब्रश, या अटीवर ते तयार झाले.

माझ्या हातून ती बाटली घेईल ही आशा पहिल्याच दिवशी संपली. तिच्या दृष्टीनं बरोबरच होतं. आई समोर आहे, तिचा वास येतोय, आणि ती तोंडात हे रबर का कोंबतेय? नवऱ्यानं घेतलं तर ती मान वळवून मला शोधायची. मी स्वयंपाकघरात गेले तरी तिला कळायचं. मग मी घराबाहेरच जायला लागले. कॉलनीच्या कट्ट्यावर मोबाईल हातात धरून बसायचं आणि वरून रडणं ऐकू येतंय का याचा कानोसा घ्यायचा, हा प्रकार फारच वाईट. कुणी म्हणतं, उपाशी ठेवा, भूक लागली की झक मारत घेईल. मला ते पटलं नाही आणि आमच्याकडे ते चाललंही नाही. भुकेलेलं बाळ नवीन काही शिकायच्या मनःस्थितीत नसतं, ते फक्त चिडतं. झोप झालेली, थोडीशीच भूक, अशी वेळ बरी.

एक गोष्ट मात्र समजत नव्हती. कधी ती दोन घोट घ्यायची, कधी निपल ओठाला लागताच तोंड वाकडं करायची. बाटली तीच, माणूस तेच. एकदा मीच ते दूध चाखून पाहिलं. फ्रीझरमधून काढून वितळवलेलं दूध साबणासारखं लागत होतं! ताजं काढलेलं गोड होतं. डॉक्टर म्हणाले, दुधात लायपेज नावाचं एन्झाइम असतं, ते स्निग्धांश फोडतं. काही जणींच्या दुधात हे जास्त होतं. दूध नासलेलं नसतं, बाळाला त्रासही होत नाही, फक्त चव बदलते आणि काही बाळांना ती खपत नाही. उपाय साधा निघाला. फ्रीझरमध्ये ठेवायचं दूध आधी गॅसवर कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंतच तापवायचं, उकळू द्यायचं नाही, लगेच गार पाण्यात भांडं ठेवून थंड करायचं आणि मग साठवायचं. यात दुधातले काही चांगले गुण कमी होतात, म्हणून रोजचं दूध तापवत नाही. ते नुसतं फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचं. आधी साठवलेल्या पिशव्या मात्र बेसिनमध्ये ओतताना मला रडू आलं. ज्यांनी पंप वापरलाय त्यांनाच हे कळेल.

बाटली खऱ्या अर्थानं सुरू झाली ती सासऱ्यांमुळे. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला माणूस, नातवंडाला दूध पाजायचं काम आपलं आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी सासूबाई देवळात होत्या, नवरा ड्यूटीवर, मी खाली. त्यांनी चिऊला कुशीत आडवं घेतलंच नाही. गॅलरीत उभे राहिले, तिची पाठ आपल्या छातीला टेकवून तोंड रस्त्याकडे, आणि सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव करत पुण्यापर्यंतचे थांबे म्हणत राहिले. निपल ओठाला नुसतं लावून ठेवलं. तिनंच ते आत ओढलं.

कुशीत घेतलं की तिला अंगावरचंच हवं असायचं, ते उभ्यानं टळलं, असं मला वाटतं. बाकीचं आम्ही हळूहळू बसवलं. सगळ्यात कमी धारेचं निपल. बाटली उभी न धरता जवळजवळ आडवी, म्हणजे दूध आपोआप गळत नाही, तिला ओढावं लागतं. दोन-चार घोटांनी बाटली खाली करून श्वास घेऊ द्यायचा. अंगावर पिताना सुरुवातीला दूध उतरेपर्यंत थांबावं लागतं, बाटलीत ते लगेच येतं, आणि भसाभस आलं की बाळ घाबरतं किंवा त्याचीच सवय लावून घेतं. दूध गरम पाण्याच्या वाटीत बाटली ठेवून कोमट करायचं, मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही. सुरुवातीला तीसच मिली भरायचं, वाया गेलं तरी जीव हळहळत नाही. तिनं तोंड फिरवलं की संपलं, 'एवढंसं राहिलंय' म्हणून आग्रह नाही. सासूबाईंना हे शेवटचं अजून जमलेलं नाही.

कामावर गेल्यावर दिवसभरात ती माझ्या अंदाजापेक्षा कमीच प्यायची. या वयाचं बाळ चोवीस तासांत साधारण पाऊण लिटर दूध घेतं, त्या हिशोबानं मी मागे अडीचशे-तीनशे मिली ठेवून जायची आणि त्यातलं बरंच परत यायचं. राहिलेली कसर ती रात्री भरून काढायची. दर दोन तासांनी पदराखाली. मी अर्धवट झोपेत सकाळची बस पकडायची. डॉक्टर म्हणाले, वजन वाढतंय, लघवी नीट होतेय, मग काळजी कसली.

बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी कामाच्या वेळेत दोन सुट्ट्या मिळतात. सातपूरहून सिडकोत घरी जाऊन येणं त्यात बसत नाही, म्हणून मी त्या वेळात फर्स्ट-एडच्या खोलीत कडी लावून दूध काढते. सुरुवातीला एचआरला हा नियम दाखवावा लागला. आता निदान दारावर कुणी थाप मारत नाही.