चहा सोडलात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. चहा सोडलेला नाही. दिवसाला दोन कप, दोन्ही दुपारी चारच्या आत.

हा प्रश्न मला गेली 11 वर्षं विचारला जातोय. हळदीकुंकवाला गेले आणि कपाला हात लावला, की कुणीतरी म्हणतंच, "अगं, तुला ते धडधडीचं आहे ना? मग चहा कसा घेतेस?" विचारणाऱ्यांत माझ्या एक चुलतसासूबाई आहेत. त्या स्वतः सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. तंबाखूतल्या निकोटिननं ठोके वाढतात, हे त्यांना सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

माझ्या दुखण्याला डॉक्टर एसव्हीटी म्हणतात, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणारी वेगवान धडधड, आणि त्यातला सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार माझा आहे. बसल्या जागी माणसाचे ठोके मिनिटाला 60 ते 100 असतात. माझं सुरू झालं की 190. जिना चढल्यावरची धडधड वाढत जाते आणि ओसरत जाते. ही बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि तशीच खटकन थांबते. मध्ये दहा मिनिटं जातात किंवा दोन तास. गळ्यात काहीतरी फडफडत राहतं. सगळं शांत झालं की लघवीला पळापळ. ताण पडलेल्या हृदयातून एक संप्रेरक सुटतं, त्याचा तो परिणाम. हे मी डॉक्टरांना कित्येक वर्षं सांगितलंच नव्हतं. छातीचा आणि त्याचा काही संबंध असेल असं मनातही आलं नाही.

पहिला झटका आला तेव्हा मी 34 वर्षांची होते. गणेशचतुर्थीची पहाट. आदल्या दिवशी हरितालिका, सासूबाईंबरोबर मीही निर्जळी केलेली. रात्री शेजारपाजारच्या बायका जमल्या, झिम्मा-फुगड्या झाल्या, झोप अशी नाहीच. पहाटे उपवास सोडताना कपभर चहा घेतला आणि खालच्या कपाटातलं मोदकपात्र काढायला वाकले. उठले ती छाती धरूनच. ओट्याला टेकून उभी होते आणि गाऊनवरून ठोके दिसत होते. थोरल्या जाऊबाईंनी निदान केलं, "रिकाम्या पोटी चहा. पित्त खवळलं." कोकम सरबत झालं, दृष्ट काढून झाली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं थांबलेलं, ईसीजी अगदी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका.

पुढची तीन वर्षं मी हेच ऐकलं. पित्त, नाहीतर टेन्शन. हे दुखणं चालू असतानाच कागदावर पकडावं लागतं, आणि ते पकडेपर्यंत बाईच्या धडधडीला दुसरं काही नाव सहसा मिळत नाही. शेवटी एकदा ऑफिससमोरच्याच दवाखान्यात धडधडत्या छातीनिशी जाऊन आडवी झाले, तेव्हा ईसीजीची पट्टी निघाली आणि नाव कळलं.

कार्डिओलॉजिस्टबाईंनी मागच्या कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली संदेश जायला मध्ये टोलनाक्यासारखं एक नाकं असतं. काहींच्या नाक्यात दोन वाटा असतात: एक जलद, पण एकदा वापरली की पुन्हा मोकळी व्हायला वेळ घेणारी, दुसरी संथ, पण लवकर मोकळी होणारी. एखादा ठोका वेळेआधी आला की त्याला जलद वाट बंद मिळते. तो संथ वाटेनं खाली जातो, तोवर जलद वाट मोकळी झालेली असते, तिच्यावरून तो उलटा वर येतो, आणि मग गोल गोल. ऐकताना मला त्या रात्रीच्या फुगड्या आठवल्या. दोन बायका असल्याशिवाय फुगडी होत नाही. माझ्यात त्या दोघी आधीपासूनच उभ्या आहेत. कुणीतरी नुसता हात धरायला लावायचा. चहा त्या दोघींना जन्माला घालत नाही.

तरी तो हात धरायला लावतो का, हे बघायचं होतं. बाईंच्या सांगण्यावरून वही केली. किराण्याच्या हिशेबाचीच, मागच्या पानांवर. झटका आला की तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप, काय खाल्लं-प्यालं, काय करत होते. दोन वर्षांत 14 नोंदी झाल्या. चहा जवळजवळ प्रत्येक पानावर होता, पण त्यात नवल काय? मी रोज चहा पिते, म्हणजे तो प्रत्येक वेळी घटनास्थळी सापडणारच. 14 पैकी 9 वेळा आदली रात्र पाच तासांच्या आतली होती: लग्नघर, मार्चअखेर, मुलाचा ताप. बाकीच्यांत उन्हातून पाण्याशिवाय आलेला प्रवास दोनदा, आणि पटकन खाली वाकणं तर किती वेळा.

एका नोंदीनं मला हसवलं. मधले तीन महिने मी चहा पूर्ण बंद केला होता. चार दिवस डोकं ठणकलं, मग सवय झाली. त्याच काळात सर्दी झाली म्हणून दुकानातून साधी गोळी आणली आणि तासाभरात झटका. नंतर पाकीट उलटं करून वाचलं: पॅरासिटमॉल, फेनिलेफ्रिन आणि कॅफिन 30 मिलिग्रॅम. फेनिलेफ्रिन देतात नाक मोकळं करायला, पण ते रक्तवाहिन्या आवळतं; माझ्यासारख्यांना डॉक्टर ते टाळायलाच सांगतात. आणि कॅफिन? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं 150 मिलिलिटर चहात ते 30 ते 65 मिलिग्रॅम असतं. म्हणजे मी निग्रहानं टाळलेला कप औषधाच्या दुकानातून विकत आणून गिळला होता.

2023 साली अमेरिकेत 100 निरोगी माणसांवर 14 दिवस एक प्रयोग झाला. काही दिवस कॉफी घ्यायची, काही दिवस नाही, आणि ठोके सतत मोजायचे. वरच्या कप्प्यातले अवेळी ठोके, म्हणजे माझ्यासारखीत फुगडी सुरू करून देणारे, कॉफीनं लक्षणीय वाढले नाहीत. पण कॉफीच्या दिवशी झोप सरासरी 36 मिनिटांनी कमी भरली. ती माणसं निरोगी होती, माझ्या वाटांची नव्हती, हे खरं. पण वहीतला झोपेचा रकाना आणि हा आकडा शेजारी ठेवला, तेव्हा दुपारी चारचा नियम झाला. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. एनर्जी ड्रिंकच्या वाटेला मात्र मी जात नाही, आणि ज्यांना चहानं खरोखर त्रास होतो त्यांनी माझं ऐकून तो पिऊ नये. वही आपापली.

एका जागी मात्र चहा खरंच आडवा येतो. झटका थांबेना म्हणून इमर्जन्सीत गेलं, तर शिरेतून ॲडेनोसिन देतात. औषध काही सेकंदांपुरतंच टिकतं आणि तेवढ्यात ते नाकं बंद करून फुगडी मोडतं. ते सेकंद फार वाईट असतात. आता सगळं संपलं असं वाटतं. पण ज्या जागांवर ॲडेनोसिन बसतं, त्याच कॅफिन अडवतं. म्हणून धडधड चालू असताना "घे, घोटभर चहानं बरं वाटेल" म्हणणाऱ्यांना मी हात जोडते, आणि दवाखान्यात चहा कधी घेतला होता ते आपणहून सांगते.

तिथवर सहसा जावं लागत नाही. पर्समध्ये 10 मिलिलिटरची रिकामी सिरिंज असते, सुईशिवाय. अर्धवट बसून तिच्या तोंडातून 15 सेकंद जोर लावून फुंकायचं, दट्ट्या जेमतेम हलेल इतकं. मग लगेच आडवं व्हायचं आणि ह्यांनी माझे पाय उचलून धरायचे, तेही 15 सेकंद. 2015 साली ब्रिटनमध्ये हे तपासलं गेलं: पाय न उचलता 17 टक्के लोकांचं थांबलं, उचलल्यावर 43 टक्क्यांचं. हे मला डॉक्टरांनी शिकवलंय, तुम्हीही त्यांच्याकडूनच शिका. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, दम लागला, तर फुंकत बसायचं नाही, सरळ निघायचं.

ॲब्लेशन करून, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत बारीक नळी नेऊन, ती जादा वाट जाळता येते, आणि बहुतेकांचं कायमचं बरं होतं. थोड्यांना पेसमेकर बसवायची वेळ येते. आता वर्षाला दोन-तीनच झटके येतात, तेवढ्यासाठी मी अजून तारीख घेतलेली नाही. भित्री म्हणा.

तर चहा सोडणं ते तीन महिने जमलं होतं. अवघड गेली ती निर्जळी. सासूबाईंना मी सगळं समजावलं, त्या काही बोलल्या नाहीत. पहिल्या वर्षी मी स्वयंपाकघरात जाऊन, त्यांच्याकडे पाठ करून पाणी प्याले. दुसऱ्या वर्षीही तसंच. गेल्या हरितालिकेला वाळूच्या पिंडी मांडून झाल्या, पत्री निवडायला बसले, तर चौरंगाच्या डाव्या बाजूला पाण्यानं भरलेला तांब्या होता. वर फुलपात्र पालथं. मला वाटलं पूजेचा. मी हात आखडता घेतला, तर त्या दूर्वा निवडता निवडताच म्हणाल्या, "तो तुझा आहे."