तुम्ही विचारलंत म्हणून: खरी पोर्शे कधी घेणार?

हा प्रश्न नेहमी हसतहसतच येतो. आधी गाडीभोवती एक चक्कर होते. मग हेडलाइट वर-खाली करून दाखवायची फर्माईश होते. दोन्ही दिवे बोनेटमधून डोळे उघडल्यासारखे वर आले की माणसं अगदी खूश होतात, आणि त्या खुशीतच विचारतात, "छान आहे हो, पण खरी कधी घेणार?" खरी म्हणजे ९११, पोर्शेची सगळ्यात नावाजलेली गाडी, हे वेगळं सांगावं लागत नाही. ज्यांच्याकडे ९११ आहे ते विचारतात. ज्यांच्याकडे कुठलीच नाही ते जरा जास्त अधिकाराने विचारतात. (पेट्रोल पंपावर त्याआधी "मिस्टरांची का?" असाही एक असतो. त्याचं उत्तर "नाही" एवढंच आहे.)

माझी ९४४ आहे, पोर्शेचीच. १९८६ची, आठ व्हॉल्व्हवाली. जास्त ताकदीची टर्बो नाही, एस२ नाही. म्हणजे आधीच ज्या कुळाला नाकं मुरडली जातात, त्यातलीही सगळ्यात साधी.

पूर्वी मी या प्रश्नावर तुटून पडायचे. "ही तर फोक्सवॅगनच ना?" असं कुणी म्हणायचा अवकाश, माझा इतिहासाचा तास सुरू. हो, ९४४च्या आधीची ९२४ पोर्शेने आखली ती फोक्सवॅगनसाठीच. तेलसंकटानंतर फोक्सवॅगनने अंग काढून घेतलं, तेव्हा पोर्शेने आपणच केलेलं डिझाइन परत विकत घेतलं आणि गाडी नेकार्सउल्मच्या आउडी कारखान्यात बनवून घेतली. "इंजिन व्हॅनचं आहे म्हणे?" ते ९२४चं, आणि खोटं नाही. तेच दोन लिटरचं इंजिन फोक्सवॅगनच्या एलटी व्हॅनमध्येही होतं. ९४४चं अडीच लिटरचं मात्र पोर्शेचं स्वतःचं, त्यांच्याच ९२८ गाडीच्या आठ सिलिंडरांच्या व्ही-८ इंजिनाची एक बाजू घेऊन बेतलेलं. एवढ्या मोठ्या चार सिलिंडरांची थरथर जिरवायला त्यात दोन बॅलन्स शाफ्ट घातले, आणि त्यांच्या पेटंटचे पैसे मित्सुबिशीला दिले. एवढं झाल्यावर हुकमाचं पान: १९८१, फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत, ड्रायव्हर वाल्टर रोर्ल आणि युर्गन बार्ट, याच घराण्यातली चार सिलिंडरांची टर्बो, सगळ्या गाड्यांत सातवी.

समोरचा "अच्छा" म्हणायचा. एवढी वकिली करावी लागतेय त्या अर्थी पाणी मुरतंय, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं.

त्याचं चूक नव्हतं. ल माँला सातवी आलेली गाडी आणि माझी गाडी यांचा संबंध घराणं एक असण्याइतकाच. माझ्या गाडीचे कागदावर १६३ घोडे. त्यातले आज किती हयात आहेत हे मोजायच्या फंदात मी पडलेले नाही. शिवाय या सगळ्या इतिहासाखाली एक साधी गोष्ट मी शिताफीने दडवत होते: ९११ परवडत नव्हती, ९४४ परवडत होती. बस. बॅलन्स शाफ्टचं पुराण मी वाचलं ते गाडी दारात आल्यावर.

पण परवडली म्हणून घेतली आणि परवडली म्हणून ठेवली, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ठेवणं कधीच परवडलेलं नाही. ते सांगायचं तर क्लचबद्दल सांगावं लागेल.

सुरुवात एका आवाजाने झाली. अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की खालून ठक्, परत दाबला की ठक्. काही आठवड्यांनी भर चौकात सिग्नल सुटला आणि पहिला गिअर पडेना. क्लच जमिनीला टेकवलेला, तरी नुसती करकर. मागे हॉर्न. दोन भल्या माणसांनी ढकलून बाजूला लावून दिली, आणि त्यातल्या एकाने जाताजाता विचारलं, "पोर्शे ना ही?" त्या "ना"मध्ये काय काय होतं ते इथे लिहीत बसत नाही.

या गाड्यांच्या मूळ क्लचप्लेटच्या मध्यभागी स्प्रिंगांऐवजी रबराचा जाड गाभा असतो, धक्के गिळण्यासाठी. रबराचं वय झालं की ते चिरतं, त्याचे तुकडे होतात, ते आतच अडकून बसतात आणि मग क्लच सुटत नाही. ही ठरलेली दुखणी आहेत, कुणाच्या हातून काही झालेलं नव्हतं.

गॅरेज चांगल्या नावाचं होतं. फोनवर म्हणाले, क्लच ना, एक दिवसाचं काम. मी म्हटलं, या गाडीचं जरा वेगळं असतं. "मॅडम, आम्ही रोज क्लच करतो." गाडी लिफ्टवर चढली तेव्हा मी तिथेच उभी होते. एक मुलगा खाली गेला, इंजिनाच्या मागे टॉर्च मारला, थोडा मागे सरकला, परत पुढे आला. बराच वेळ काही बोलला नाही. मग बाहेर येऊन मला विचारतो, "गिअरबॉक्स कुठंय?"

गिअरबॉक्स मागे आहे, मागच्या दोन चाकांच्या मध्ये. इंजिन पुढे. दोघांना जोडणारी एक जाड नळी, आणि तिच्यातून इंजिनाच्या वेगाने फिरणारा अंगठ्याएवढ्या जाडीचा दांडा. क्लच मात्र पुढेच, इंजिनाला लागून. म्हणजे पुढच्या क्लचपर्यंत पोचायचं तर सुरुवात शेपटीकडून: एक्झॉस्ट उतरवा, ड्राइव्ह शाफ्ट सोडवा, गिअरबॉक्स खाली घ्या, नळी मागे सरकवा, बेलहाउसिंग (क्लचवरचं कवच) काढा, तेव्हा कुठे क्लचचं दर्शन. हा खटाटोप कशासाठी, तर वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळपास सारखं पडावं म्हणून. वळणात ही गाडी जशी शांतपणे, न कुरकुरता आत शिरते, ज्यासाठी माझा तिच्यावर जीव आहे, ते याच रचनेमुळे. आणि बिलही याच रचनेमुळे.

गॅरेजने काम निम्म्यावर आणलं आणि सोडून दिलं. गिअरबॉक्स उतरलेला, नळी सुटलेली, सगळे बोल्ट एका पत्र्याच्या डब्यात एकत्र. बेलहाउसिंगजवळच्या सेन्सरचे प्लास्टिकचे कनेक्टर काढताना हातातच भुगा झाले, तेही कुणीतरी त्याच डब्यात टाकून ठेवलेले. मी फोन करायची, ते "बघतो" म्हणायचे. शेवटी पुढच्या कामाचा आकडा आला. तो गाडीच्या बाजारभावापेक्षा मोठा होता. सोबत सल्ला फुकट: "पार्ट काढून विका. उभ्या गाडीपेक्षा जास्त येतील."

पार्टवाला आलाही बघायला. सभ्य माणूस. त्याने मागचं फेंडर बोटांनी वाजवून पाहिलं, दाराखालून हात फिरवला आणि म्हणाला, "पत्रा फार चांगला आहे. वाईट वाटतं." (पत्रा चांगला असायचाच. या गाड्यांचं पूर्ण बॉडीशेल झिंकचा थर दिलेलं आहे, त्यामुळे गंजून मरायचं भाग्य यांच्या वाट्याला सहसा येत नाही.) मग त्याने ग्लोव्ह बॉक्स उघडला. आत माझा जादा डीएमई रिले. हा काडेपेटीएवढा रिले इंधनपंपाला आणि इंजिनाच्या कंप्युटरला वीज देतो. आतले झाळलेले जोड जुने होऊन तडकले की गाडी काही न सांगता बंद पडते, म्हणून ९४४वाले एक जादा बाळगतातच. तो हातात घेऊन त्याने विचारलं, "हा वेगळा द्याल का? माझ्या गाडीला लागेल."

म्हणजे त्याच्याकडेही ९४४ होती. स्वतःची चालती ठेवायला तो इतरांच्या फोडत होता. मला त्याचा राग यायला हवा होता, आला नाही. रिले मात्र दिला नाही.

माझा धाकटा भाऊ हिशेबाचा पक्का. त्याने मला समोर बसवून आकडे मांडले. "ताई, तू ही दुरुस्त केलीस तर दुसऱ्या दिवशी हिची किंमत दुरुस्तीपेक्षा कमी असेल. हे पैसे तू जाळतेयस." मी म्हटलं, माहीत आहे. तो म्हणाला, "मग?" माझ्याकडे "मग"ला उत्तर नव्हतं, आजही नाही. ल माँ त्याला सांगून काही उपयोग नव्हता.

गाडी टोइंगवर घालून मी एका वयस्कर मेकॅनिककडे नेली, ज्यांनी या गाड्यांवर बरीच वर्षं काम केलं होतं. तुमची गाडी किती सुंदर वगैरे ते काही बोलले नाहीत. पत्र्याचा डबा फडक्यावर उपडा केला, बोल्ट लांबीप्रमाणे ओळीत लावले, आणि म्हणाले, "तीन कमी आहेत." काम संपायला बराच काळ गेला. जुनी क्लचप्लेट त्यांनी माझ्या हातात दिली. मधला गाभा बोटाने ढकलला तर पूर्ण गोल फिरत होता, आणि तळहातावर काळा चुरा पडला. नवीन त्यांनी स्प्रिंगवाली घातली. मी पैसे दिले.

बरोबर केलं का? हिशेबाने अजिबात नाही. पण त्या आकड्यांकडे बघताना मला या गाड्यांचं खरं दुखणं कळलं, आणि ते इंजिनात नाही. १ लाख ६० हजारांहून जास्त ९४४ बनल्या, त्या काळात पोर्शेच्या भरपूर खपलेल्या गाड्यांपैकी ही एक. पुढे भाव पडले. तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हातात गाडी स्वस्तात आली, देखभाल मात्र पोर्शेचीच राहिली. टायमिंग बेल्ट वेळेवर बदलावा लागतो, कारण या इंजिनात तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. स्वस्तात घेतलेल्या गाडीवर एवढा खर्च कोण करणार? बेल्ट तुटले, इंजिनं गेली, "या गाड्या भरवशाच्या नाहीत" असं नाव पडलं, भाव आणखी पडले. माझ्या भावाचं गणित हजारो घरांत मांडलं गेलं असणार, आणि ते प्रत्येक वेळी बरोबरच होतं. म्हणून कुणी कौतुकाने म्हणतं ना, "अंडररेटेड आहे हो ही गाडी," तेव्हा मला ते कौतुक वाटत नाही. कमी लेखलेली गाडी पार्टवाल्याकडे जाते.

आणि तरीही हल्ली भाव चढायला लागलेत असं कुणी सांगतं, "लकी आहात, इन्व्हेस्टमेंट झाली," तेव्हाही मी चिडते. भाव चढला की गाड्या कव्हरखाली जातात. मग तुला नक्की हवंय काय, असं तुम्ही म्हणाल. मान्य आहे, या बाबतीत माझ्या बोलण्यात मेळ नाही.

राहता राहिली ९११. चालवली आहे मी. एका मित्राची, एअर-कूल्ड. मन मोठं करून त्याने किल्ली दिली, आणि खोटं कशाला बोलू, उतरावंसं वाटेना. ९११चं इंजिन मागे असतं, आणि पाठीमागून येणारा तो आवाज माझ्या गाडीत कधीच येणार नाही. माझ्या इंजिनाचा आवाज कामसू आहे, त्यावर कुणी कविता करणार नाही. ९११चं स्टिअरिंग पुढून हलकं, बोलकं. पण वळणात शिरल्यावर मागचं वजन सतत आपली आठवण करून देत राहतं, मध्येच पाय उचलायचा नाही हे डोक्यात ठेवावं लागतं. लोकांना तेच आवडतं. मलाही आवडलं. माझ्या गाडीत मी वळणात चुकले तरी ती सांभाळून घेते. त्यात कमीपणा आहे की मोठेपणा, यावर त्या मित्राशी माझा वाद अजून मिटलेला नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ९११चे दिवस भरले असं खुद्द पोर्शेच्या प्रमुखांना, एर्न्स्ट फुरमान यांना वाटत होतं, १९८१मध्ये पेटर शुट्झ आले म्हणून ती तरली, हे मी त्याला ऐकवते. तो म्हणतो, "तरली ना? तुझी कुठे तरली?" यावर गप्प बसावं लागतं.

आज ओढाताण केली तर जुनी ९११ घेता येईल. तेव्हा परवडत नाही ही सबब आता चालत नाही. नको आहे असंही नाही. दोन्ही ठेवायला जागा नाही, आणि हिला काढायचं म्हटलं की तो पार्टवाला आठवतो.

सध्या वेगळीच काळजी आहे. गाडी जागेवर चालू असताना मधूनच बारीक घरघर येते, आणि क्लच दाबला की थांबते. मेकॅनिक म्हणतात, नळीतल्या दांड्याचे बेअरिंग असणार. म्हणजे पुन्हा एक्झॉस्ट, पुन्हा गिअरबॉक्स, पुन्हा सगळं शेपटीकडून. "क्लच केला तेव्हाच करून घ्यायचं होतं," असं ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "तेव्हा तुम्ही पैसे दिले नसते." अजून किती चालेल हे विचारलं तर खांदे उडवले. भावाला मी यातलं काही सांगितलेलं नाही. हे वाचून कळेलच.