ओळीवर बोट

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या आवारात चहा पीत होते. "शाळेने तुम्हाला काय दिलं, त्यावर लिहा," असं पलीकडून सांगितलं गेलं. हा विषय दिला की आपण सगळेच शिस्त, संस्कार आणि प्रार्थनेपाशी येऊन थांबतो. म्हणून मी सगळं सोडून एकाच तासाबद्दल लिहिते. नववी ब, फेब्रुवारी २००९, शेवटून दुसरा तास, मराठी.

त्याआधी पुराबद्दल सांगायला हवं. १९ सप्टेंबर २००८ ला गंगेला पूर आला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. "गंगेवर जाऊन येते" म्हणणारी बाई काशीला निघालेली नसते, रामकुंडापर्यंत चाललेली असते. पाणी किती चढलं हेही इथे कोणी मीटरमध्ये विचारत नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का, छातीला लागलं का, असं विचारतात. त्या दिवशी पाणी सराफ बाजारात आणि भांडी बाजारात शिरलं. आम्ही कॉलेजरोडला राहायचो. आमच्या घरी पूर टीव्हीवर आला.

मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाचं भांडी बाजारात दुकान होतं आणि वर घर. तो आठ दिवस शाळेत आला नाही. आला तेव्हा त्याच्या वह्यांची पानं वाळून पापडासारखी झाली होती आणि अक्षरांची निळी शाई फुटून पसरली होती. आम्ही सहानुभूती म्हणून आपापल्या वह्या दिल्या आणि विषय संपवला.

फेब्रुवारीत, मराठी दिनाच्या आदल्या दिवशी, आमच्या मराठीच्या बाई कुसुमाग्रजांची 'कणा' घेऊन आल्या. पुरात घर गेलेला जुना विद्यार्थी सरांना भेटायला येतो, ती कविता. महाराष्ट्रात ती कोणाला सांगावी लागत नाही. बाईंनी स्वतःच्या वहीतून ती फळ्यावर उतरवली, हातावरचा खडू झटकला आणि विचारलं, "हा माणूस सरांकडे कशाला आलाय?"

मी पहिल्या बाकावरची. माझा हात प्रश्न पूर्ण व्हायच्या आत वर जायचा. "बाई, प्रतिकूल परिस्थितीतही जिद्द न हरता लढण्यासाठी गुरूंचे आशीर्वाद घ्यायला." हे उत्तर गाइडमधलं नव्हतं, पण गाइडमध्ये शोभलं असतं. बाईंनी मान हलवली. मग मागून आवाज आला.

"बाई, तो पैसे मागायला आला होता."

वर्ग हसला. मी तर वळून बघितलं, एवढं वेडगळ कोण बोललं म्हणून. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ये. ओळीवर बोट ठेव."

ही बाईंची नेहमीची सवय. कोणी काहीही म्हणो, बाई "बरोबर" नाही की "चूक" नाही, फळ्याकडे नाहीतर पुस्तकाकडे बोट करायच्या. कुठे म्हटलंय? दाखव. दाखवता आलं नाही तर खाली बस, विचार कर, उद्या सांग.

तो उठून फळ्यापाशी गेला. सरांचा हात खिशाकडे जातो आणि पाहुणा हसत उठतो, त्या ओळीवर त्याने बोट टेकवलं. खडूची पूड लागली बोटाला. म्हणाला, "बाई, इथपर्यंत तो बसलेला होता. भिंत पडली, चूल विझली, सगळं नुकसान सांगत होता. मागायला गेलेला माणूस आधी नुकसान सांगतो, एकदम मागत नाही. सरांचा हात खिशाकडे गेला आणि त्याला लाज वाटली. म्हणून उठला. म्हणून म्हणाला पैसे नकोत." मग जरा थांबून म्हणाला, "आमचे पप्पा पुरानंतर काकांकडे गेले होते. असंच झालं. काकांनी पाकीट काढलं आणि पप्पा उठले. म्हणाले, सहज आलो होतो."

वर्गात आवाज नाही. बाहेर पाचवीच्या मुलांचा खो-खो चालला होता तेवढा ऐकू येत होता.

मी मात्र शहाणपणा सोडला नाही. म्हटलं, "पण बाई, कवीला तसं म्हणायचं नाहीये." बाई माझ्याकडे वळल्या. "कवी आपल्याच गावात राहायचे, टिळकवाडीत. १९९९ पर्यंत होते. विचारून यायचं होतंस." ते गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते, हे बाईंना माहीत होतं. मग त्यांनी मलाच फळ्यापाशी बोलावलं आणि तो म्हणतोय ते खोडणारी ओळ दाखवायला सांगितली. मी वरून खाली दोनदा वाचलं. तो खोटं सांगतोय असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तो खरं सांगतोय असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. पैसे नकोत, एकटं वाटलं म्हणून आलो, हे त्याने म्हटलंय एवढंच कवितेत आहे. मला पहिल्यांदाच कळलं की पात्र जे बोलतं ते आणि कविता जे सांगते ते, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. त्याचबरोबर असं वाटलं की आपला पहिला बाक आज कोणीतरी काढून घेतला.

पुढच्या वर्षी, दहावीत, बाहेरच्या एका सराव परीक्षेत रसग्रहणाचा प्रश्न आला आणि मी मोठ्या तोऱ्यात वेगळा अर्थ लावून आले. चारपैकी एक गुण, बाजूला लाल शाईत 'विषयांतर'. मी रडकुंडीला येऊन पेपर बाईंना दाखवला. वाटलं होतं, त्या त्या तपासनिसाला बोल लावतील. त्यांनी पेपर दोनदा वाचला. "एकाही ओळीवर बोट ठेवलेलं नाहीस. नुसतं तुला काय वाटलं ते लिहिलंस. मी असते तर तो एकही दिला नसता." तो पेपर अजून माझ्याकडे आहे.

त्याच सुमारास त्यांनी मला बाबूराव बागुलांचा कथासंग्रह दिला, १९६३ सालचा, 'जेव्हा मी जात चोरली होती'. बागूल आपल्या नाशिकजवळच्या विहितगावचे. पुस्तक हातात ठेवताना बाई म्हणाल्या, "यात तुझ्या ओळखीचं काही सापडणार नाही. म्हणूनच वाच." वाचून मी आठवडाभर गप्प होते. त्यावर मी काही लिहावं असं बाईंनी सांगितलं नाही, आणि मीही इथे लिहीत नाही.

पुढे मी वकील झाले. अर्थ लावणं हेच आता पोटापाण्याचं काम. खरेदीखतातला एक 'व' की 'किंवा', यावर दोन भाऊ दहा-दहा वर्षं भांडतात. लॉ कॉलेजला असताना राजद्रोहाचे जुने निवाडे वाचत होते, त्यात १९०९ चा बाबाराव सावरकरांचा खटला हाती लागला. बाबाराव भगूरचे, म्हणजे आपल्या शेजारचे. त्यांनी कवितांची एक पुस्तिका छापली होती. त्यातल्या चार कवितांवर आरोप बेतला होता, सरकारविरुद्ध युद्धाला चिथावणी दिल्याचा. बचाव असा की कविता पुराणातल्या देवांच्या आणि शिवाजी महाराजांच्या आहेत, आजच्या सरकारशी त्यांचा संबंध नाही. हायकोर्टाने म्हटलं की देवांची आणि वीरांची नावं हे निमित्त आहे, खरा मजकूर परक्या सरकारविरुद्ध तलवार उचला असा आहे. जन्मठेप, काळं पाणी.

तो निवाडा वाचताना मला नववी ब आठवली. गंमत अशी (गंमत म्हणायची का, ते वाचकांनी ठरवावं) की कवितेचा बरोबर अर्थ सरकारपक्षाने लावला होता. कोर्टाने ओळीवर बोट ठेवलं होतं. पुस्तिका घेणारे नाशिकचे तरुणही तोच अर्थ घेत असणार. चुकीचं वाचन करत होता तो बचावपक्ष, आणि तेही एका माणसाला वाचवण्यासाठी. साहित्य समाजाचा आरसा असतो असा निबंध मी दोनदा लिहिलाय, दोन्ही वेळा बक्षीस मिळालं. आरशापायी कोणी अंदमानला जात नाही. आणि अचूक अर्थ लावणारा माणूस चांगल्याच बाजूला असतो हेही मी तेव्हापासून गृहीत धरत नाही.

त्या शिक्षेचा सूड म्हणून २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. आपल्याच विजयानंद थिएटरात, 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला. जॅक्सन स्वतः संस्कृतचा जाणकार होता. आणि 'शारदा' म्हणजे म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीचं नाटक. आमची आजी ठामपणे सांगायची की या नाटकामुळेच १९२९ चा शारदा कायदा आला. कायद्याला ते नाव हरविलास सारडांमुळे पडलं, हे मी वकील झाल्यावर तिला सांगितलं. तिला ते पटलं नाही. "नाटक पाहून आमच्या आत्याचं लग्न मोडलं होतं, सारडा तेव्हा कुठे होते?" म्हणाली. यावर मला बोट ठेवायला ओळ सापडली नाही.

मागच्या महिन्यात भाचीच्या बारशासाठी पितळेचा तांब्या घ्यायला भांडी बाजारात गेले. दुकान आता तोच सांभाळतो. गल्ल्यामागे भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, ऑइलपेंटची लाल रेघ आहे आणि शेजारी त्याच्या पप्पांच्या हातचं '१९/९/०८'. दोनदा रंगकाम झालं, पण तेवढी पट्टी सोडून. चहा आला. या लेखाचा विषय निघाला तसं मी त्याला तो तास आठवतो का विचारलं.

"आठवतो की. सगळे हसले होते. तू पण."

"मी पण," म्हटलं.

तो तांब्या कापडाने पुसत राहिला. मग म्हणाला, "एक सांगू? पप्पा उठले नव्हते. काकांनी पाकीट काढलं आणि पप्पांनी पैसे घेतले. दोनदा मोजले माझ्यासमोर. वर्गात तसं सांगवेना. फळ्यावर ती ओळ होतीच, म्हटलं पप्पांना पण उठवू."

मला काय बोलावं कळेना. एवढी वर्षं मी ते वाचन कॉलेजात, मैत्रिणींत, एकदा तर वक्तृत्वाच्या परीक्षकांपुढे सांगत आले होते, त्याच्या पप्पांच्या साक्षीसह.

"मग कवितेतला?" मी विचारलं. "तो तरी पैसे मागायलाच आला होता ना?"

"ते मी कुठे बदललंय," तो म्हणाला आणि नाव कोरायचं मशीन पुढे ओढलं. "वकीलबाई, नाव काय घालायचं ते सांगा. आणि कागदावर नीट लिहून द्या, एकदा कोरलं की खोडता येत नाही."