काकू, इथं अंगठा द्या
आज दिवसभर ट्रेनिंग होतं, आरोग्याच्या एका अभ्यासासाठी सर्व्हेला जाणाऱ्या आम्हा आशाताईंचं. मला वाटलं फॉर्म कसा भरायचा तेवढंच सांगतील, पण सकाळचे दोन तास नुसत्या संमतीवरच गेले. वाचता न येणारी बाई असेल तर सगळं वाचून दाखवायचं आणि तेव्हा अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवाच, आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) २०१७ च्या नियमांत आहे ते. आणि मी आजवर काय करायचे, तर "काकू इथं अंगठा द्या, दवाखान्याचं आहे" 🙈

मग टस्कीगीच्या अभ्यासाचं सांगितलं. अमेरिकेत १९३२ ते १९७२, शेकडो काळ्या माणसांना गरमीचा रोग (सिफिलिस) होता, त्यावर पेनिसिलीन आलं तरी दिलं नाही, डॉक्टर नुसते बघत बसले. चहा गार झाला माझा.

पण मी गल्लीतलीच सून, मला तोंडावर नाही कोण म्हणणार? विचारलं तर मॅडम म्हणाल्या, लगेच सही घेऊ नका, दुसऱ्या दिवशी परत जा. बघू, उद्या जाऊबाईंच्या घरापासूनच सुरुवात.