वाटेतल्या नद्या

११ जून २०२३ ला माउलींची पालखी आळंदीहून निघाली तेव्हा आभाळात ढगाचं नाव नव्हतं. इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगत होता. म्हाताऱ्या बायका तो हातानं बाजूला सारून डोळे मिटून बुडी घेत होत्या. मी घोट्यापर्यंतच उतरले. मी राहते मोशीत, याच नदीच्या काठी. त्या पाण्यात आमच्याही मोऱ्यांचं पाणी आहे, हे माहीत असताना त्या बायकांकडे बघवेना.

दिंडीत माझ्या शेजारी सोलापूरच्या काकू चालायच्या. वारीची त्यांची ही अठरावी खेप. "आमच्याकडं दिवसाआड पाणी येतं," असं मी कुरकुरत म्हणाले, तर त्या सहज म्हणाल्या, "आमच्याकडं चार दिवसांनी येतंय, माउली." पुढे मी तो विषय काढला नाही.

दिवेघाट चढून पुरंदरात आलो आणि फुफाटा सुरू झाला. हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. सासवडला कऱ्हा पाहिली: डबक्यापुरतं पाणी, बाकी दगडगोटे. पुण्यानं वापरून सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून उचलून पुरंदर उपसा योजनेनं या पठारावर चढवतात. इथली शेतं शहराच्या सांडपाण्याकडे डोळे लावून बसतात, हे मला घरात बसून कधी उमगलं नसतं.

वाल्ह्याच्या मुक्कामी एका घरी आम्हा सहाजणींची सोय झाली. ओसरीवर निळे ड्रम ओळीनं मांडलेले, तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं. घरच्या ताईंनी एका ड्रमचं फडकं सोडलं, कडेनं तांब्या बुडवला, तळाचा गाळ ढवळू नये म्हणून अगदी अलगद, आणि आमच्या बादलीत मोजून तांबे ओतले. प्रत्येकीला पाच. "टँकर परवा येऊन गेला. तुम्ही पाय धुवा, लाजू नका," म्हणाल्या. मी पाय धुतलेलं पाणी त्यांनी परातीत धरलं आणि परसातल्या कढीपत्त्याला घातलं.

रात्री बोलता बोलता कळलं की ताईंचं माहेर नायगावच्या बाजूला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. ताईंना तिचे नियम तोंडपाठ होते. पाणी जमिनीवर नाही, माणसावर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. "माझ्या वडलांच्या तोंडात कायम असायचं, पाणी पावसाचं, ते एकाचं कसं?" ताई म्हणाल्या. दिवसभर आम्ही एकमेकांना माउली म्हणत होतो. त्या शब्दाचा हिशोब कुणी मांडला असेल, तर तो या नियमांत आहे असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी नीरा स्नान. दत्तघाटावर पादुकांना स्नान घातलं तेव्हा अंगावर काटा आला. वरच्या अंगाला वीर धरण आहे. नदीला किती आणि कालव्याला किती, हे तिथे ठरतं. पूल ओलांडून पाडेगावला आलो तर दोन्ही बाजूंना हिरवागार ऊस! वाल्ह्यापासून हे अंतर एका दिवसाच्या चालीचंही नाही. तिकडे तांबे मोजतात, इकडे पाटाचं पाणी सरीतून वाहतं. उसवाल्या शेतकऱ्यानंही आम्हाला गूळ-पाणी दिलं, प्रेमानं दिलं. त्याच्यावर माझा राग नाही. पण कालव्याच्या लाभक्षेत्रात जमीन असणं हाच पाण्याचा हक्क ठरावा, आणि वाल्ह्याच्या ताईंनी टँकरची वाट बघावी, हे मला मान्य नाही.

फलटण, नातेपुते, माळशिरस मागे पडलं. वेळापूरच्या मुक्कामात काकूंनी रिकामी बाटली उशाशी ठेवत मला नद्यांची ओळख करून दिली. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. मुळा-मुठा तिच्या खाली. दोघींचं पाणी भीमेवरच्या उजनी धरणात साठतं. कऱ्हा नीरेत जाते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेत. म्हणजे आपण वाटेत ओलांडली ती प्रत्येक नदी आपल्या आधी पंढरपूरला पोचलेली असते. उजनीची साठवण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यात निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं राखीव पाणी. त्या जूनमध्ये धरण उणे पातळीत होतं, म्हणजे मृतसाठ्यालाच हात लागला होता.

चंद्रभागेत उभी राहिले तेव्हा पाणी कमरेपर्यंत होतं. आषाढीसाठी उजनीतून सोडतात ते. याच नदीतून पुढे सोलापूरच्या बंधाऱ्यांना पाणी जातं. या वेळी मी बुडी घेतली. डोकं वर काढलं तेव्हा काकू बाटली भरत होत्या.

द्वादशीला पहाटेच त्यांनी गाठोडं बांधलं. काल्यापर्यंत थांबा, म्हणून मी फार आग्रह केला.

"उद्या आमच्याकडं पाण्याचा दिवस हाय," त्या म्हणाल्या. "सून एकटी किती भरंल?"