पाणंदीत रुतलेली गाडी

शिरोळ तालुक्यातल्या माझ्या सायकल राईडला नाव नोंदवणारा जवळजवळ प्रत्येक माणूस आधी एकच विचारतो, चढ किती? मी सांगतो, नाहीच म्हणा. फोनवरचा आवाज लगेच सैल होतो. वरंधा, कुंभार्ली असे घाट चढून आलेली माणसंसुद्धा या उत्तरावर खूश होतात. दम कुठं निघणार आहे ते मी लगेच सांगत नाही. सांगून पटतही नाही.

ग्रॅव्हल सायकलींच्या राईड नेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. या सायकलीचं हँडल रेसिंगच्या सायकलीसारखं खाली वळलेलं असतं, टायर मात्र अडतीस ते पंचेचाळीस मिलिमीटरचे. आत ट्यूब नाही, पांढरं सीलंट. बाभळीचा काटा शिरला तर फेस येतो, भोक बुजतं, पुढं चला. डांबरी सोडून शेतांमधल्या पाणंदी, शिवरस्ते, कालव्याच्या कडा यांवरून फिरायचं. कृष्णा-पंचगंगेच्या या पट्ट्याची एक गंमत बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. इथं नदीकाठाला दगड शोधून सापडत नाही. खाली कित्येक फूट नुसता गाळ आणि काळी माती. पाणंदीवर जो मुरूम दिसतो तो माळावरून डंपरनं आणून टाकलेला. तो जिथं संपतो तिथून पुढं सगळा कारभार मातीच्या मर्जीवर.

त्या दिवशी जानेवारी चालू होता, गळीत हंगाम ऐन भरात. सहा पाहुणे, पुण्या-मुंबईचे. नृसिंहवाडीला दत्ताचं दर्शन आणि संगम बघून पंचगंगेचा पूल ओलांडला, कुरुंदवाड मागं टाकलं. मजरेवाडी, अकिवाट, मग राजापूर बंधारा, दुपारी खिद्रापूर, असा बेत. थंडी होती, वारा पडलेला. दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस, मध्येच तुटून मोकळं झालेलं रान, त्यात खोडव्याचे हिरवे कोंब. नदीकडच्या मळीच्या, म्हणजे गाळाच्या रानात वांगी, मिरच्या. एका जुन्या घराच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची खूण दाखवायला मी सगळ्यांना थांबवलं. खूण डोक्याच्या बरीच वर होती. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ असताना. एका पाहुण्यानं विचारलं, मग ऊस कसा वाचतो? ऊस नुसता बुडाला म्हणून मरत नाही. शेंडा पाण्याबाहेर असेल तर तग धरतो. शेंडा बुडून पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांत, गाळ बसला, की आतून कुजतो. पूर ओसरल्यावर वरून हिरवा दिसणारा फड हातानं ओढला की पोंगा अलगद निघून येतो आणि वास सुटतो.

पुढं रस्त्याकडेला क्षारपड रानं लागली. जमिनीवर मिठासारखी पांढरी पापुद्री, मध्येमध्ये लव्हाळा आणि वेडी बाभूळ. वर्षानुवर्षं भरमसाट पाणी पाजल्यावर खालचे क्षार वर येतात, निचरा नसला की तिथंच बसतात. शिरोळच्या दत्त कारखान्यानं पुढाकार घेऊन जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून अशी बरीच रानं पुन्हा पिकाखाली आणली आहेत, पण सगळी नाहीत. सायकलीला मात्र ही मेलेली जमीन फार गोड लागते. वरचा थर कडक, चाक सुसाट पळतं. पाहुण्यांनी तिथं मनसोक्त वेग काढला. मला त्या वेगाचा आनंद कधी घेता आलेला नाही, पण पैसे देऊन आलेल्या माणसाला हे काय सांगायचं.

अकिवाटच्या अलीकडं पाणंद उसाच्या दोन फडांमधून जाते. त्याच आठवड्यात मी ती पाहून गेलो होतो, पायाखाली कुरकुरत होती. आता वळणावरून पुढं गेलो तर शे-दोनशे मीटर लोण्यासारखा काळा चिखल. पाऊस नाही, काही नाही. वरच्या रानातली सरी तुंबली, बांध फुटला आणि रातोरात पाणी पाणंदीत उतरलं.

काळ्या मातीचा चिखल लाल मातीसारखा उडत नाही, तो चढतो. पहिल्या फेऱ्यात टायरवर बोटभर थर. दुसऱ्या फेऱ्यात त्या थराला पाचटाचे, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याचे तुकडे चिकटतात. तिसऱ्यात फोर्कच्या आतली जागा संपते आणि चाक फिरायचं थांबतं. पाचट घालून मळलेली माती म्हणजे विटेचा गाराच तो. सगळ्यात आधी अडकले ते पंचेचाळीसचे टायरवाले. जाड टायर म्हणजे चिखलात बरा, ही समजूत वाळूत खरी आहे. इथं टायर जितका जाड तितकी फ्रेममधली मोकळी जागा कमी. अडतीसवाल्या बाई बिचाऱ्या तीस-चाळीस पावलं जास्त गेल्या आणि मग त्याही उतरल्या.

मी ओरडून सांगतोय, पेडल मारू नका, खांद्यावर घ्या. तेवढ्यात मागून कट्ट असा आवाज आला. हाडांचे डॉक्टर होते ते. त्यांनी जोर लावला, पाचटाचा बोळा गिअरच्या दोन छोट्या चाकांत ओढला गेला आणि मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, उलटा फिरून स्पोकांत. हँगर मधोमध तुटलेला. हा हँगर म्हणजे फ्रेमला डिरेलर धरून ठेवणारा मऊ ॲल्युमिनियमचा तुकडा. फ्रेमच्या आधी त्यानं मोडावं म्हणूनच तो मऊ करतात. डॉक्टर तो हातात घेऊन बघत राहिले आणि म्हणाले, "हे तर क्लॅव्हिकलसारखं झालं." क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याजवळचं खांद्याचं हाड, मोडलं तर बदलून मिळत नाही, हँगर निदान मिळतो, पण प्रत्येक मॉडेलचा वेगळा, आणि यांच्या सायकलीचा माझ्या पिशवीत नव्हता.

त्याच वेळी समोरून बैलगाडी आली. म्हणजे यायचा प्रयत्न करत होती. कारखान्याची टायरगाडी, वर दोन-अडीच टन ऊस, एक चाक निम्मं गेलेलं. बीडकडचं ऊसतोड करणारं नवरा-बायकोचं जोडपं, पाटोदा तालुक्यातलं. नवरा जू धरून उभा, बायको मागं चाकाशी. आम्ही सात जण रंगीबेरंगी कपड्यांत त्यांच्या वाटेत.

"दादा, तुमच्या सायकली बाजूला घ्याव्या लागतेन," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, घाई होती. ऊसतोड टोळीची मजुरी टनावर असते. तोडलेला ऊस जितका उन्हात राहील तितकं वजन घटतं. शिवाय कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागायचा, पाठीमागच्या गाड्या पुढं गेल्या की दिवस तिथंच गेला. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची ती याच टनांतून.

पाहुण्यांपैकी एकानं मोबाईल वर काढला. मी म्हटलं, खिशात ठेवा. पाहुण्याशी असं बोलायचं नसतं हे मलाही कळतं, पण माणसाची गाडी रुतलेली असताना त्याचा फोटो काढणं मला जमत नाही आणि माझ्या राईडवर तो कुणी काढत नाही.

ताईंनी आमच्याकडं एकवार नीट पाहिलं. "बघत काय बसलात भाऊ? उतरा की मोळ्या." मग काय, उतरवल्या. एका मोळीत वीसेक किलो सहज भरतात. ताई डोक्यावर घेऊन बांधापर्यंत चालत जात होत्या, आम्ही दोघं-दोघं मिळून एक उचलत होतो. पाल्याची कुसळं सायकलच्या घट्ट कपड्यांतून आत शिरतात आणि दिवसभर निघत नाहीत. निम्मी गाडी उतरल्यावर नवऱ्यानं शेजारच्या फडातलं पाचट कवटाळून आणलं, चाकापुढं आडवं-उभं अंथरलं आणि पायानं दाबलं. तेच पाचट, ज्यानं आमची चाकं धरली होती. इथं त्यानं रस्ता केला. फरक एवढाच, की आमच्या चाकाखाली ते विखुरलेलं आणि मातीत कालवलेलं होतं. यांनी ते वीतभर जाड अंथरलं. बैलांना एकदाही चाबूक लागला नाही. "आता हाणलं तर गुडघ्यावर येतेन," एवढंच तो बोलला, जिभेनं टकटक केलं, आम्ही मागून रेटलं आणि गाडी निघाली.

मोळ्या पुन्हा चढवायला उतरवण्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण त्या रचायची पद्धत असते आणि आम्ही रचलेल्या ताईंनी दोनदा काढायला लावल्या.

तेवढ्यात रानमालक मोटारसायकलवरून आले. चिखल बघून कपाळाला हात. "काय करावं ओ पाव्हणं. लाईट रातची. दीडला आली, तीनला गेली, परत कवा आली काय ठावं. मोटार ऑटोवर टाकून पडलो वाईच." लाईट आली की पंप आपोआप चालू होतो तो ऑटो. उसाच्या पट्ट्यात जवळजवळ प्रत्येक मोटारीला तो आहे, कारण थंडीत रात्रभर बांधावर कोण उभं राहणार? माणूस झोपतो, पाणी चालू राहतं. मामांना मी काय बोलणार? त्यांचंही खत वाहून गेलं होतं.

पण मामा कामाचा माणूस निघाले. मी टायर काढायच्या लिव्हरनं फ्रेममधला गारा उकरत होतो, ते बघून त्यांनी उसाचं एक कांडं घेतलं, विळ्यानं उभं चिरलं, चपटी कामटी केली. "लोखंड लावू नका, रंग जाईल." कामटी वाकते, कोपऱ्यात शिरते, घासत नाही. पाच मिनिटांत एक सायकल मोकळी. उरलेलं कांडं आम्ही खाल्लं. कामटी तेव्हापासून माझ्या पिशवीत लिव्हरच्या जागी असते. वाळली की नवी करायची.

डॉक्टरांची सायकल मी सिंगल स्पीड, म्हणजे एकाच गिअरची केली. डिरेलर काढला, साखळी तोडून आखूड केली, मागच्या मधल्या दातऱ्यावर सरळ रेषेत बसवली, जोडायची कडी, क्विक लिंक, लावली. अशा फ्रेममध्ये मागचं चाक पुढं-मागं सरकत नाही, त्यामुळं साखळी हवी तितकी ताणता येत नाही. रेषा जरा वाकडी गेली तर ती चढून शेजारच्या दातऱ्यावर जाते आणि करकचते. दोनदा बसवावी लागली. मामा उकिडवे बसून बघत होते. "केवढ्याला हाय ही?" डॉक्टरांनी खरा आकडा सांगितला. मामा थोडा वेळ गप्प राहिले. "आणि गिअर एकच?"

पाणंद सोडून डांबरी धरली. एका गिअरवर डॉक्टर उरलेलं सगळं अंतर चालवून आले, पाय गरागरा फिरवत, ताशी सोळा-सतराच्या वर वेग नाही. रस्ता सपाट असल्याचा फायदा दिवसभरात तेवढा झाला. एवढाच प्रकार घाटात झाला असता तर टेम्पो बोलवावा लागला असता. खिद्रापूरला पोचेस्तोवर ऊन कलतं झालं. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात, अठ्ठेचाळीस खांबांच्या मधे, वर छत नाही तिथल्या गोल उजेडात पाहुणे जमिनीवर बसून राहिले. शिल्पांबद्दल मी जे नेहमी सांगतो ते कुणी फार ऐकलं असं वाटलं नाही. हत्तीच्या थराबद्दल एकीनं विचारलं, बाकीचे पायांतली कुसळं काढत होते. पलीकडं कृष्णेच्या दुसऱ्या काठाला कर्नाटक.

पैसे परत मागेल कुणी, अशी धास्ती होती. मागितले नाहीत. उलट डॉक्टरांनी पुढच्या हंगामात आणखी चार जणांना घेऊन येतो म्हटलं, फक्त "तीच पाणंद पाहिजे" अशी अट. ही अट मी मान्य केलेली नाही. चिखल करून मिळत नाही, आणि टोळी तिथं कुणाच्या राईडसाठी येत नाही.

मामांचा नंबर मात्र घेतला. आता अकिवाटकडं जायचं असलं की आदल्या संध्याकाळी फोन करतो. हवामानाच्या ॲपवर जे कळत नाही ते दोन वाक्यांत कळतं. परवा म्हणाले, "या आठवड्यात लाईट रातची हाय, येऊ नगा. सोमवारपास्नं दिवसा. आणि येताना वाडीचा पेढा आणा, गेल्या टायमाला इसरलासा."